इंग्रजीनं मराठीचे शब्द पळवले की कामं?

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी.

पोटासाठी भाषांतरं करतो. विम्याचे फॉर्म, बँकांची पत्रं, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठोरी, कधीमधी एखादं सरकारी परिपत्रक. परवा एका फॉर्मात ठरलेल्या साच्यातलं हे वाक्य पुन्हा एकदा टंकलं: 'खाली सही करणार मी याद्वारे असे घोषित करतो/करते की, वर नमूद केलेली माहिती माझ्या सर्वोत्तम माहितीनुसार व विश्वासानुसार सत्य आहे.' जगात एकाही मराठी माणसानं दुसऱ्या मराठी माणसाला असं कधी सांगितलेलं नाही. 'वर लिहिलंय ते खरं आहे' असं करून पाठवलं तर 'कृपया व्यावसायिक मराठी वापरा' असा शेरा मारून परत येतं.

इंग्रजीनं मराठीचं काय केलं हा विषय निघाला की गाडी हमखास टेबल-खुर्चीवर जाते. मला शब्दांचं फारसं दुःख नाही. फारसीचे ढीगभर शब्द पचवून आपण ढेकरही दिलेला नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. १८१८ पूर्वी, म्हणजे पेशवाई बुडण्याआधी, मराठीला कामं होती. जमाखर्च, निवाडे, तहनामे, वतनाचे कागद, लष्कराचा हिशेब, सगळं मराठीत चालायचं. नंतर वरची कामं एकेक करून इंग्रजीकडे गेली आणि मराठीकडे कविता, कीर्तन आणि भाजीबाजार उरला. पुढे काही कामं परत मिळाली, पण भाषांतराच्या दारानं. म्हणून ती आपल्याला अजून 'व्यावसायिक' वाटतात आणि कळत नाहीत.

तुमच्या धंद्यात काय दिसतं ते लिहा. 'इंग्रजी हटाव' आणि 'मराठी मेली' हे दोन्ही प्रकार नकोत.

उंटावरचा_शहाणा

जागा धरून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

सुमाक्का

सगळ्याचं मूळ तो इंग्रज अधिकारी मेकॉले! २ फेब्रुवारी १८३५ ला तो ब्रिटिश संसदेत म्हणाला होता, मी भारतभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याचं शिक्षण बदला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट आलं होतं.

तिखटजाळ

फोटोसकट म्हणजे मेकॉलेचा की भिकाऱ्याचा?

मोडीमित्र

सुमाक्का, राग मानू नका, पण ते भाषण त्यानं केलेलंच नाही. त्या तारखेला तो कलकत्त्यात होता. त्या दिवसाचं त्याचं खरं टिपण आहे, आणि ते त्या फॉरवर्डपेक्षा जास्त बोचतं. सरकारी पैसा अरबी-संस्कृतवर न घालता इंग्रजीवर घाला असं त्यात आहे, आणि देशी भाषांना त्यात दरिद्री म्हणून एका फटक्यात निकालात काढलंय.

पण प्रत्येक वेळी मेकॉलेला पकडून आणण्यात मुंबई इलाख्याची गोष्ट राहून जाते. इथे सुरुवात उलटी झाली. एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ गव्हर्नर होता, त्याच्या काळात शाळेची पुस्तकं मराठीत करायचं ठरलं. कॅप्टन जर्व्हिसनं १८२३ पासून मुंबईत इंजिनिअर तयार करायची शाळा चालवली आणि गणिताची पुस्तकं मराठीत करून घेतली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, 'दर्पण' हे वृत्तपत्र १८३२ चं (एका रकान्यात इंग्रजी, शेजारी मराठी), दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं. मग १८४० च्या दशकात अर्स्किन पेरी शिक्षण मंडळावर आला. त्याचं म्हणणं, पैसा थोडा आहे, तो वरच्या मोजक्यांना इंग्रजीतून शिकवण्यात घाला. त्याला विरोध कोणाचा? जगन्नाथ शंकरशेटांचा आणि त्याच जर्व्हिसचा. एक इंग्रज लष्करी अंमलदार मराठीतून शिकवा म्हणून दुसऱ्या इंग्रजाशी भांडतोय! शाळेत कोणी सांगितलं होतं हे?

१८५४ च्या वूडच्या शिक्षणविषयक खलित्यानं तडजोड केली. खालच्या वर्गांना देशी भाषा, वरच्यांना इंग्रजी. १८५७ ला मुंबई विद्यापीठ आलं आणि १८६० च्या दशकात पदवीच्या परीक्षांतून मराठी बाहेर गेली. ती परत आणायला रानड्यांनी किती वर्षं घासली! एम. ए. ला मराठी येता येता विसावं शतक उजाडलं.

तेव्हा बोरूबहाद्दर, कामं गेली हे मान्य, १८१८ मान्य नाही. घाव १८५७ नंतरचा, आणि तो बंदीचा नव्हता. मराठी शिका, पण त्यात बढती नाही, एवढंच.

कोर्टाची_पायरी

तालुका कोर्टात वकिली करतो. खाली मराठी, वर इंग्रजी, हा मोडीमित्र म्हणतात तो जिना रोज चढतो.

आमच्याकडे दावा मराठीत, सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, साक्ष मराठीत. बांधाच्या भांडणात म्हातारी पिंजऱ्यात उभी राहून धुऱ्यावरचं कोणतं झाड कोणी तोडलं ते वऱ्हाडीत सांगते, साहेब जवळपास तसंच उतरवून घेतात. तिला कळतंय काय चाललंय ते. मध्येच 'तसं नाय म्हटलं म्या' म्हणून दुरुस्तीही सांगते. तेच प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे इंग्रजी सुरू. सगळ्या कागदांचं भाषांतर, पानामागे पैसे, ते पक्षकाराच्या खिशातून. दहा वर्षं ज्या जमिनीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या तिचा निकाल म्हातारीला वाचता येत नाही. मी फोनवर समजावून सांगतो आणि ती विचारते, 'म्हंजे जितलो का हरलो?'

आता सर्वोच्च न्यायालय काही निकालांचे मराठी अनुवाद संकेतस्थळावर टाकतं. चांगलंच आहे. पण खाली टीप असते, अंमलबजावणीसाठी इंग्रजी प्रतच खरी.

निळी_शाई

हा धागा कुठल्या गल्लीत चाललाय ते दिसतंय, म्हणून वेळेत लिहिते.

१८१८ पूर्वी मराठीला कामं होती म्हणता. कोणाच्या मराठीला? निवाडे आणि वतनाचे कागद लिहीत होते कुलकर्णी आणि चिटणीस. आमच्या खापरपणज्याच्या जमिनीबद्दल काय लिहिलंय हे त्याला तेव्हाही वाचता येत नव्हतं. कोर्टाची पायरी यांच्या म्हातारीला आज इंग्रजी कळत नाही, तिच्या खापरपणजीला मोडी लिपी कळत नव्हती. वकील फक्त बदलला.

जोतीराव शिकले ते पुण्यातल्या मिशनच्या शाळेत. १८८२ ला सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं ते इंग्रजीत, आणि मागितलं काय, तर सगळ्यांना प्राथमिक शिक्षण, कारण सरकारचा पैसा वरच्यांच्या कॉलेजांवर जात होता. सावित्रीबाईंनी तर इंग्रजीला माउली म्हणून कविता लिहिली. आणि त्याच सुमारास मराठीचे तारणहार म्हणून मिरवणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर काय करत होते? जोतीरावांच्या मराठीची टिंगल. म्हणजे इंग्रजीच्या आक्रमणावर ओरडायचं आणि कुणब्या-माळ्यानं मराठी लिहिली की व्याकरण काढायचं.

आमच्या घरात इंग्रजी आली म्हणून आजोबा रेल्वेत लागले. तिच्यामुळे मराठीचं काय गेलं याचा हिशेब जरूर करा, पण वहीची दोन्ही पानं उघडी ठेवून.

तिखटजाळ

प्रतिसाद आवडला. मार्मिक.

बोरूबहाद्दर

निळी शाई, कोणाच्या मराठीला हा प्रश्न रास्त आहे. पण मग इंग्रजीनं ते कुलूप उघडलं की मालक बदलला? आज विम्याचा दावा नाकारल्याचं पत्र तुमच्या-माझ्या शेजाऱ्याला कळत नाही, मराठीत असूनही.

निळी_शाई

मालक बदलला, आणि जुन्या मालकांनी सगळ्यात आधी नवी भाषा शिकून परत किल्ली मिळवली. माझ्या म्हणण्यात आणि तुमच्या म्हणण्यात भांडण नाही. मला फक्त तो '१८१८ पूर्वीचा सोन्याचा काळ' नकोय. आंबेडकर कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आले आणि 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७) मराठीत काढले. सरकारशी इंग्रजीत, आपल्या माणसांशी मराठीत. भाषेला काम देणं म्हणतात ते हेच.

सुमाक्का

मेकॉलेचं कळलं. ग्रुपवर टाकलं तर तिथं मलाच 'इंग्रजधार्जिणी' म्हणाले. 🙄 पण मोडी तरी इंग्रजांनीच मारली ना?

मोडीमित्र

अर्धी त्यांनी, अर्धी आपण.

मोडीचा कागद जवळून बघितलाय का कोणी? आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग अक्षरं त्या रेघेला खालून टांगत जायची, लेखणी होता होईतो न उचलता. शब्द तोडत नाहीत, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा तंटा नाही, एकच इकार आणि एकच उकार. वाचताना शब्द कुठं संपला ते आपणच ठरवायचं. 'मारूनकोसोडूनदे' छापाच्या गमती खऱ्या कागदांत होतात आणि त्यावर खरोखर भांडणं होतात.

छापखाना आला तसा हा कारभार मागे पडला. मोडी छापता येत नव्हती असं मात्र नाही. विल्यम कॅरेचा मराठी कोश १८१० ला बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी खिळ्यांतच छापला होता. मुंबईच्या शाळाखात्यानं मात्र पुस्तकांना बाळबोध (देवनागरी) धरली. मग मेजर कँडीसाहेब आले. पाठ्यपुस्तकांतलं मराठी तपासून, कापून, नीट करणारा माणूस. विरामचिन्हांवर त्यांचं पुस्तक १८५० चं. आज आपण जो स्वल्पविराम टाकतो तो तिकडून आलाय. त्याबरोबर वाक्याचा सांगाडाही आला. लांब, कप्प्याकप्प्यांचं, आत आणखी वाक्यं घातलेलं. बोरूबहाद्दरांचा फॉर्म त्याच घराण्यातला.

पण शाळांतून मोडी पुरती गेली ती १९५० च्या दशकात. तेव्हा साहेब इथे नव्हता. त्यामुळे पणजोबांचं खरेदीखत हातात असूनही पैसे देऊन वाचून घ्यावं लागतं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे मुलाचे ह्रस्व-दीर्घाचे कापलेले मार्क कँडीकडे मागायचे? पत्ता द्या.

मोडीमित्र

उंटावरचे, १८७७ ला वारला तो. उशीर केलात.

पाटीलबुवा_परभणी

सगळे मुंबई-पुण्याचं बोलायले. आमच्याकडं इंग्रज नव्हताच, निजाम होता. आमच्या आजाला मराठी घरात, शाळेत उर्दू. महसुलातले निम्मे शब्द अजून तिकडचेच.

पण एक गोष्ट सांगतो, ती या धाग्याच्या कामाची हाय. हैदराबादला १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, ते उर्दूतून. आधी भाषांतराचं खातंच काढलं आन् पुस्तकं करून घेतली. डॉक्टरी, इंजिनिअरिंग सुदा उर्दूत शिकवलं. इथल्या भाषेत हे शास्त्र मावत नाही म्हणणाऱ्यानं तिकडं बघावं. मावलं की! १९४८ नंतर तेबी इंग्रजीवर गेलं. आता त्यात गंमत बघा, त्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी बोलणारेच जास्त. म्हणजे उर्दूला काम मिळालं ते आमच्या तोंडचं काढून. आपली भाषा वर गेली की खाली कोणाची तरी दबतीच.

भाषाभगिनी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रोखठोक_७७

मुद्दा एवढाच आहे की आज इंग्रजीपेक्षा हिंदी जास्त घुसतेय. पहिलीपासून तिसरी भाषा वगैरे प्रकार कोणासाठी चालले होते ते सगळ्यांना…

संपादक मंडळ

हिंदीसक्तीवर तीन धागे आधीच वाहत आहेत. इथे नको. त्या दिशेचे चार प्रतिसाद हलवले आहेत.

वेलिंग्टनकर

न्यूझीलंडमधून लिहितोय. इथल्या माओरी भाषेची कथा वाचून आपलं दुखणं किती वेगळं आहे ते कळतं.

१८६७ च्या कायद्यानं गावोगाव नेटिव्ह शाळा काढल्या, शिकवायची भाषा इंग्रजी. शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेली माणसं अगदी अलीकडेपर्यंत होती. त्यांनी काय केलं, तर आपल्या पोरांशी घरात इंग्रजीच बोलायला लागली, पोरांना मार बसू नये म्हणून. एका पिढीत घर रिकामं झालं. १९७२ ला ३० हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत नेला, १९८२ ला 'कोहांगा रेओ' सुरू झाल्या, म्हणजे भाषेची घरटी. बालवाडीच, पण तिथं आजीआजोबा येऊन बसतात आणि दिवसभर माओरीच बोलतात. कारण मधल्या पिढीला येतच नव्हती! आईबापांना ओलांडून भाषा आजीकडून नातवाकडे द्यावी लागली. १९८७ ला राजभाषा झाली.

आपण ८ कोटींच्या वर. आपली भाषा मरत नाहीये. तिची खुर्ची गेलीये. हे दोन आजार वेगळे, औषधंही वेगळी.

कार्डिफची_काकू

वेलिंग्टनकर, इथे वेल्समध्येही शाळेत वेल्श बोललं की गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. दुसरं कोणी बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात. दिवसाअखेर ज्याच्याकडे असेल त्याला छडी. म्हणजे मुलंच एकमेकांवर पहारा ठेवणार. १८४७ च्या सरकारी अहवालात तर वेल्श भाषेमुळेच लोक मागासलेले आणि अनीतिमान राहिले असा निष्कर्ष काढला होता. तो अपमान लोक अजून विसरलेले नाहीत.

मला खटकतं ते पुढचं. ही शिक्षा लंडनहून आलेल्या हुकुमानं होत नसे. गावचेच मास्तर, बरेचसे स्वतः वेल्श बोलणारे, आणि पुष्कळ आईबापांना ते चालत होतं. पोरगं इंग्रजी शिकलं तर खाणीतून सुटेल! आज वेल्शमधून शाळा आहेत, १९८२ पासून दूरदर्शनची वाहिनी आहे, रस्त्यावर पाट्या दोन्ही भाषांत. तरी २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्केच. खुर्ची परत दिली म्हणून माणूस येऊन बसेल असं नाही.

तिखटजाळ

काकू, तो लाकडाचा तुकडा वाचून दचकलो. माझ्या पुतणीच्या इंग्रजी शाळेत डब्याच्या सुट्टीत मराठी बोललं की वहीत नाव, आणि नावं लिहायला मुलांतलाच मॉनिटर. सालाबिलाची भानगड नाही, हल्लीची गोष्ट. वहिनीला विचारलं तर म्हणाली, 'बरंच आहे की, त्यासाठीच फी भरतो.'

मेळघाटी

बरेच दिवस नुसता वाचक आहे. आज लिहितो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, धारणीकडे. पहिलीतलं पोर शाळेत येतं तेव्हा त्याला एक-दोन-तीन येत नाही, 'मिया, बारिया' येतं. कोरकू भाषेचं मराठी किंवा हिंदीशी नातं नाही, ती मुंडा कुळातली, संथाळीच्या गोतातली. पुस्तक मराठीत, परीक्षा मराठीत. मी पुण्याच्या मराठीत 'चित्र पाहा व सांगा' म्हणतो आणि पोरं चित्राकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहतात. पहिले सहा महिने वर्ग गप्प असतो. वरून तपासणीला आलेले शेरा मारतात, 'विद्यार्थी अबोल.' शाळा सुटली की हेच अबोल विद्यार्थी कोरकूत एवढा गलका करतात की कानात बोटं घालावी.

तुम्ही सगळे वर पाहून बोलताय, इंग्रजीनं मराठीला कुठे बसवलं. मी खाली पाहून विचारतो. कोरकू बोलणारे २०११ ला ७ लाखांवर, गोंडी २९ लाखांच्या आसपास. दोन्ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाहीत. संस्कृत मातृभाषा सांगणारे २५ हजारही नव्हते, ती आहे. इथं मेकॉले कुठे आला? इथं मीच आहे, खडू घेऊन.

रोखठोक_७७

अहो पण मराठी शिकली नाहीत तर नोकरी कशी लागणार? त्यांच्या भल्यासाठीच ना?

निळी_शाई

रोखठोक, पेरीचं भूत शिरलं का अंगात? अगदी हेच वाक्य तेव्हा मराठी पोरांबद्दल बोललं जायचं.

जामोदकर

मेळघाटींच्या खाली आमचा नंबर. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात. बोलणारे दोन-अडीच हजार, आणि जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती बसत नाही. अभ्यासक येतात, ध्वनिमुद्रण करून जातात. निहाल माणूस शेजाऱ्याशी कोरकू बोलतो, बाजारात मराठी-हिंदी. इंग्रजी त्याच्या दारापर्यंत आलेलीच नाही, तरी भाषा चाललीये.

पाटीलबुवा_परभणी

म्हटलं होतं ना, खाली कोणी तरी दबतंच.

बोरूबहाद्दर

मेळघाटी आणि जामोदकर, इथवर माझं लक्ष गेलं नव्हतं. वाचतोय.

मधल्या वेळात मूळ प्रश्नाचं एक टोक. कोर्टाची पायरी, ते 'माहितीनुसार व विश्वासानुसार' कायद्याला खरंच लागतं का?

कोर्टाची_पायरी

दाव्याच्या कागदाला लागतं. १९०८ च्या दिवाणी संहितेत सत्यापनाचा नियम आहे. दाव्यातला कोणता परिच्छेद स्वतःला ठाऊक म्हणून लिहिला आणि कोणता ऐकून, खरं मानून लिहिला, ते वेगळं सांगायचं. उलटतपासणीत त्याचाच उपयोग होतो. त्यामुळे त्यामागं अर्थ आहे, नुसता डामडौल नाही. पण '१ ते ४ मला स्वतःला माहीत आहे, ५ व ६ मी ऐकलं आहे आणि ते मला खरं वाटतं' असं लिहिलं तरी भागतं. मी तसंच लिहितो. एका ज्येष्ठांनी वाचून 'हे काय पोरकट' म्हटलं होतं, कागद मात्र दाखल झाला. तुमच्या विम्याच्या फॉर्मात दोन्ही एकत्र कोंबलंय, म्हणून ना इकडचं ना तिकडचं.

बोरूबहाद्दर

हे आजच कंपनीला पाठवतो. परत आलं तर शेरा इथे डकवीन.

वेलिंग्टनकर

मेळघाटी, एक विचारू? आजीआजोबांना वर्गात आणून बसवणं तुमच्याकडे जमेल का?

मेळघाटी

आजी वर्गात येते, पोराला सोडायला. एकदा बसवलं होतं. गोष्ट सांगितली तिनं कोरकूत, पोरं हसून लोळली, मला चौथा हिस्सा कळला. मग मी मराठीत विचारलं, कोरकूत उत्तरं आली, ती मराठीत फळ्यावर लिहिली. गप्प बसणारी दोन पोरं त्या दिवशी बोलली. गडचिरोलीत मोहगावला ग्रामसभेनं गोंडीतून शाळाच काढली, तेवढी ताकद आमच्या गावात नाही.

अडचण दुसरीच आहे. पालकसभेत मी हे मांडलं तर आया म्हणाल्या, 'कोरकू तर आमीच शिकवतो घरी, गुरुजी. तुमी इंग्रजी शिकवा.' काकूंच्या वेल्समधले आईबाप आठवले. त्यांना चूक कसं म्हणू? तालुक्याच्या ऑफिसात कोरकूत अर्ज दिला तर कोण घेतो?

निळी_शाई

तोच तर प्रश्न आहे, गुरुजी. अर्ज घ्यायला लावा, मग आया आपोआप बदलतील. आधी शाळा मग अर्ज असं उलटं करून काही होत नाही.

मेळघाटी

ताई, अर्ज लिहायला तरी कोणी शिकवलेलं पाहिजे ना. मी आधी शाळा म्हणेन.

उंटावरचा_शहाणा

गुरुजी, कोरकूवर वेगळा धागा काढा. इथं पान चारवर बुडून जाईल.